अन्नाचा जमाखर्च मांडणारा अर्थशास्त्रज्ञ

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर आज महाराष्ट्राला ठाऊक आहे तो त्यातील लोहखनिजासाठी. सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा तेथे २००७ साली दिला गेला, २०१६ मध्ये उत्खननाला आरंभ झाला आणि २०२१ नंतर त्याने वेग घेतला. किती टन खनिज निघाले, शासनाला स्वामित्वधन किती मिळाले, रोजगार किती जणांना लाभला, याचे आकडे वेळोवेळी प्रसिद्ध होतात. परंतु याच डोंगराचे दुसरे एक उत्पादन आहे, आणि ते कोणत्याही तक्त्यात सहसा येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी तेथे मोहफुले वेचली जातात. त्यानंतर चारोळी आणि तेंदूफळे येतात. पावसाळा सुरू झाला की बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, आणि नाना प्रकारच्या रानभाज्या मिळतात. कंदमुळे, मध, लाल मुंग्यांची चटणी आणि कोसरीची पेज यांवर माडिया गोंड समाजाने पिढ्यान् पिढ्या गुजराण केली. त्यांचा ठाकुरदेवही याच डोंगरावर आहे. डोंगराच्या पोटात लोखंड आहे आणि पाठीवर अन्न आहे. यांपैकी संपत्ती कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. वस्तुतः अर्थशास्त्रातील तो एक मूलभूत प्रश्न आहे.

या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा एक अर्थशास्त्रज्ञ विदर्भातच, वर्ध्याला, आपल्या ऐन कर्तृत्वाची वर्षे राहून गेला. जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा हे त्याचे नाव. गांधीवादी अर्थकारणाचे भाष्यकार म्हणून कुमारप्पांची ओळख पाठ्यपुस्तकांतून एखाद्या परिच्छेदापुरती होते. त्यांनी अन्नाविषयी केलेला विचार मात्र जवळपास विस्मृतीत गेला आहे. ते काही पाकशास्त्राचे लेखक नव्हते. मराठीत १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे गृहिणी-मित्र आले आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची रुचिरा आली; पदार्थ कसा करावा हे अशा पुस्तकांनी हजारो घरांना शिकविले. कुमारप्पांचा प्रश्न त्याच्या आधीचा होता. चुलीवर चढणारा तांदूळ कोणी कांडला, तेल कोणी गाळले, गूळ वगळून साखर घेतली तेव्हा पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, आणि या व्यवहारात खाणाऱ्याच्या अंगी किती लागले, हे ते विचारीत. ताटाकडे त्यांनी हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिले, आणि हिशेबनिशी हाच त्यांचा मूळ व्यवसाय होता.

लंडनचा हिशेबनीस

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. घरात शिस्त कडक आणि राहणी पाश्चात्त्य वळणाची होती. त्या काळी त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलियस असे होते. हिशेबतपासणीचे शिक्षण घेण्यासाठी ते लंडनला गेले, तेथेच त्यांनी व्यवसाय केला आणि पहिले महायुद्ध संपल्यावर आईच्या आग्रहाखातर १९१९ साली ते परतले. मुंबईत त्यांची हिशेबतपासनीसाची पेढी चांगली चालली. सूटबूट, इंग्रजी रीतीचे जेवण, नीटनेटके कार्यालय असे हे आयुष्य होते. त्यात देशाच्या दारिद्र्याला फारसे स्थान नव्हते.

या आयुष्याला वळण मिळाले ते अमेरिकेत. १९२७ साली ते उच्च शिक्षणासाठी तिकडे गेले. सिरॅक्यूज विद्यापीठाची पदवी घेतल्यावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, सार्वजनिक वित्तव्यवहाराचे नामवंत अभ्यासक प्रा. सेलिगमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंध लिहावयास घेतला. भारत दरिद्री का, या विषयावर त्यांनी दिलेल्या एका व्याख्यानाचा वृत्तांत वृत्तपत्रात आला आणि तो वाचून सेलिगमन यांनीच त्यांना सरकारी जमाखर्च आणि भारताचे दारिद्र्य यांचा संबंध तपासण्यास सुचविले, असे सांगतात. परक्या सरकारच्या हिशेबवह्या तपासता तपासता या हिशेबनिसाच्या मनातील साम्राज्याविषयीचा आदर ओसरला. कर गोळा होतो शेतकऱ्याकडून आणि खर्च होतो सैन्यावर व अधिकाऱ्यांच्या वेतनावर, हे त्यांना आकड्यांतच दिसले.

प्रबंध घेऊन ते १९२९ साली परतले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी साबरमती आश्रमात गांधीजींना भेटले. झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून सूत कातणारा वृद्ध गृहस्थ हाच गांधी, हे त्यांना प्रथम ओळखता आले नाही. इस्त्रीच्या विजारीची पर्वा न करता ते जमिनीवर बसले. त्यांचा प्रबंध यंग इंडियातून क्रमशः प्रसिद्ध झाला, आणि गांधीजींनी त्यांना गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करावयास धाडले. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी गावोगाव फिरून कुटुंबांचे उत्पन्न, कर्ज आणि खर्च यांची नोंद केली. पुस्तकातील अर्थशास्त्र आणि शेतकऱ्याच्या घरातील रिकामी कणगी यांची गाठ येथे पडली. घराण्यातील जुने कुमारप्पा हे नाव याच सुमारास त्यांनी पुन्हा धारण केले.

पुढे तुरुंगवास झाले. १९३४ च्या जानेवारीत बिहारात भूकंप झाला तेव्हा मदतनिधीच्या हिशेबांची जबाबदारी कुमारप्पांवर आली. स्वयंसेवकाच्या जेवणासाठी त्यांनी दिवसाला तीन आणे एवढी मर्यादा ठरविली. गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले, तेव्हा त्यांचे फळांचे व शेळीच्या दुधाचे जेवण या मर्यादेत बसेना. निधीतून हा खर्च होणार नाही, तो अन्यत्र भागवावा, असे कुमारप्पांनी महादेवभाई देसायांना स्पष्टपणे कळविले. ज्याच्या शब्दाखातर लाखोंचा निधी जमला त्याच्या जेवणाचे पैसे नाकारणे ही काही लहान गोष्ट नव्हे. त्यामागचे तत्त्व सोपे होते. भूकंपग्रस्ताच्या नावाने आलेला पैसा भूकंपग्रस्ताच्याच तोंडी पडला पाहिजे. गांधीजींनीही हा निर्णय मानला.

मगनवाडीचे ताट

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष आणि कुमारप्पा चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या, मगनलाल गांधींचे नाव लाभलेल्या मगनवाडीत संघाचे काम सुरू झाले. खादीच्या पलीकडे जाऊन कांडण, दळण, तेलघाणी, गूळ, मधमाशा, हातकागद, कातडी कमावणे अशा उद्योगांना शास्त्रीय बैठक द्यावयाची, हा संघाचा उद्देश होता. या यादीतील पहिली चार-पाच नावे पाहिली तर हा अर्ध्याहून अधिक अन्नाचाच कार्यक्रम होता, हे ध्यानी येते.

कुमारप्पांचे तांदळाविषयीचे विवेचन हा या विचाराचा उत्तम नमुना होय. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत घासला जातो, तेव्हा वरचा कोंड्याचा थर निघून जातो. त्या थरातच ब जीवनसत्त्व आणि स्निग्धांश असतो. निव्वळ पॉलिशच्या तांदळावर राहणाऱ्यांना बेरीबेरी होतो, हे जावा बेटातील संशोधनाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिले होते. कुमारप्पांनी या वैद्यकीय निष्कर्षाला अर्थशास्त्राची जोड दिली. हातसडीचा तांदूळ कीड लवकर लागल्यामुळे फार दिवस टिकत नाही, म्हणून व्यापाऱ्याला तो नकोसा असतो. पॉलिशचा तांदूळ टिकतो, म्हणून साठविता येतो व दूर पाठविता येतो. म्हणजे किडीलाही ज्यात सत्त्व सापडत नाही ते धान्य माणसाने अधिक दाम देऊन घ्यावयाचे. शिवाय गावातील कांडणाऱ्या बायांची मजुरी गिरणीमालकाकडे जाते. खाणाऱ्याचे पोषण घटते, बाईचे काम जाते आणि व्यापाऱ्याची सोय होते. एका मुठीतल्या तांदळाचा हा संपूर्ण ताळेबंद होता.

साखर व गूळ, वनस्पती तूप व घाणीचे तेल यांविषयीही त्यांची रीत हीच होती. घाणीची ढेप गावातच राहते, ती बैलाच्या पोटात व तेथून शेतात जाते. बी शहराला गेले की गावाकडे पैसा येतो, परंतु ढेप येत नाही. गुळासाठी उसाऐवजी ताड आणि शिंदी यांची नीरा वापरावी, म्हणजे उसाखालची सुपीक जमीन धान्य व डाळींना मोकळी होईल, असा त्यांचा आग्रह होता. मगनवाडीत सुधारलेली तेलघाणी तयार झाली. रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा मगनदीप नावाचा दिवाही तेथे घडविला गेला. कुमारप्पांच्या संपादकत्वाखालील ग्रामोद्योग पत्रिका हे सारे प्रयोग वाचकांपर्यंत नेत असे.

गांधीजी १९३५-३६ मध्ये मगनवाडीतच राहत होते आणि तेथील स्वयंपाकघर ही जणू प्रयोगशाळाच झाली होती. कच्चा पाला, चिंच, सोयाबीन असे एकामागून एक प्रयोग आश्रमीयांच्या ताटात येत. गांधीजींनी कुमारप्पांना कडुनिंबाची चटणी वाढल्याची आणि त्यावर सरदार पटेलांनी, गाईच्या दुधावरून शेळीच्या दुधावर आलेले बापू आता शेळीच्या चाऱ्यावर आले, अशा आशयाची थट्टा केल्याची आठवण सांगितली जाते. त्यातल्या सोयाबीनची पुढली कथा उद्बोधक आहे. पुढे दशके लोटल्यावर याच वर्धा जिल्ह्याची शिवारे सोयाबीनने भरली. मात्र ते पीक ताटासाठी नव्हे, तेलगिरणीसाठी आणि ढेपेच्या व्यापारासाठी घेतले जाऊ लागले. पीक आले आणि त्यामागचा विचार मागेच राहिला.

याच काळात मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने प्रांताच्या औद्योगिक पाहणीसाठी समिती नेमली व तिचे अध्यक्षपद कुमारप्पांना दिले. समितीने शेकडो गावांची पाहणी करून १९३९ साली अहवाल सादर केला. या प्रांतात त्या वेळचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, अंतर्भूत होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. राष्ट्रीय नियोजन समितीवरही कुमारप्पांची नेमणूक झाली होती; परंतु मोठ्या उद्योगांवर भिस्त ठेवणाऱ्या त्या चर्चेत आपल्याला स्थान नाही, हे ओळखून ते थोड्याच दिवसांत बाहेर पडले.

वाघ, माकड आणि मधमाशी

छोडो भारत आंदोलनाच्या काळात कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. स्थायी अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रमुख ग्रंथ तेथेच लिहून झाला. त्यातील विवेचन त्यांनी निसर्गातल्या खाण्याच्या तऱ्हांवरून उभे केले, हे लक्षणीय आहे. वाघ कोकराला मारून खातो. अन्नाचा उगमच नाहीसा करणारी ही परोपजीवी व्यवस्था. माकड दुसऱ्याने लावलेल्या आमराईतील फळे ओरबाडते. ही लुटारू व्यवस्था. फुलातील मध घेणारी माशी परागही पोहोचविते. ही उद्यमी व्यवस्था. पोळ्यासाठी मध साठविणाऱ्या मधमाशा ही समूहाची, आणि पिलाला चारा भरविणारी पक्षीण ही सेवेची व्यवस्था. मानवी समाजांची प्रतवारी कुमारप्पांनी या पाच पायऱ्यांवर केली.

त्यांनी केलेला दुसरा भेद आजच्या संदर्भात अधिक मोलाचा आहे. कोळसा, खनिज तेल, लोखंड हे साठे होत. वापरले तेवढे ते घटतात, आणि मर्यादित साठ्यासाठी राष्ट्रे एकमेकांच्या उरावर बसतात. जंगल, शेती, पशुधन हे प्रवाह होत. जपून घेतले तर ते वर्षानुवर्षे देत राहतात. समाजाने आपला नित्याचा संसार शक्य तेवढा प्रवाहावर चालवावा आणि साठ्याला काटकसरीने हात लावावा, असे त्यांचे मत होते. जंगलाची व्यवस्था महसुलासाठी नव्हे तर लोकांच्या गरजांसाठी व्हावी, आणि खनिजे कच्ची बाहेर पाठवू नयेत, हेही त्यांनी निःसंदिग्धपणे मांडले.

शेतीचे नियोजनही त्यांनी ताटापासून सुरू केले. दररोज माणशी १६ औंस धान्य, २ औंस डाळ, १२ औंस दूध, ८ औंस भाजी, शिवाय गूळ, तेल, फळे व कंद मिळून सुमारे २८६० कॅलरी, असा आहार गृहीत धरून एक लाख लोकवस्तीला कोणत्या पिकाखाली किती जमीन लागेल याचे कोष्टक त्यांनी तयार केले. बाजारभाव काय मागतो यापेक्षा परिसरातील लोकांना काय लागते ते आधी पिकवावे, उरेल त्याचा व्यापार करावा, असा हा क्रम होता. गांधीजींनी या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि लेखकाला गमतीने ग्रामोद्योगाचा डॉक्टर ही पदवी बहाल केली.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषिसुधारणा समितीचे अध्यक्ष म्हणून कुमारप्पांनी १९४९ साली महत्त्वाचा अहवाल दिला. तथापि नव्या राज्यकर्त्यांशी त्यांचे सूर जुळले नाहीत. पुढे वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे त्यांनी शेतीचे प्रयोग केले. प्रकृती ढासळल्यावर ते मदुरेजवळच्या कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात राहावयास गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशीच, त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. तांदूळ कांडण्याच्या हातउद्योगाला संरक्षण देणारा भातगिरण्यांच्या नियमनाचा कायदा १९५८ साली संमत झाला होता. गिरण्यांची वाढ त्याने थांबली नाही, आणि १९९७ साली तो रद्दही झाला.

सूरजागडचा हिशेब

कुमारप्पांच्या विचारातील उणिवा झाकण्याचे कारण नाही. कांडण-दळणाचे गोडवे गाताना, ते कष्ट पहाटे उठून बाईलाच उपसावे लागतात, याकडे ग्रामोद्योगाच्या चळवळीने पुरेसे लक्ष दिले नाही. गावोगावच्या स्त्रियांनी पिठाच्या गिरणीचे स्वागत केले ते काही अज्ञानापोटी नव्हे. त्यांचे आहाराचे कोष्टकही सर्वत्र लागू पडणारे नाही. माडिया समाजात गाईचे दूध काढण्याची चाल परंपरेने नव्हती. तेथे १२ औंस दुधाचा हिशेब निरर्थक ठरतो. परंतु कोष्टक चुकले तरी रीत चुकत नाही. त्या त्या भूमीवर काय पिकते, काय उगवते आणि तेथील माणूस काय खातो, यापासून नियोजनाला आरंभ करावा, ही ती रीत होय.

या रीतीने सूरजागडचा हिशेब मांडला तर काय दिसेल? जमेच्या बाजूला खनिज, स्वामित्वधन, रस्ते आणि मजुरी आहे. ती खोटी नाही आणि ज्या तरुणाला महिन्याचा पगार मिळू लागला त्याच्या दृष्टीने ती क्षुल्लकही नाही. खर्चाच्या बाजूला मात्र मोहाचे झाड, वास्त्यांचे बेट, कंद आणि मध यांची रक्कम कोरी असते. या वस्तूंपैकी बहुतेक बाजारात विकल्या न जाता घरातच खाल्ल्या जातात, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत त्यांना नगण्य किंमत मिळते. अन्न नाहीसे झाले की तेच कुटुंब दुकानातून धान्य विकत आणते आणि हिशेबात उत्पन्न वाढल्याचे दिसते. वेचणारी बाई मजूर झाली की तिची भुकेची जबाबदारी तीच राहते, पण विकासाचा आकडा पुढे सरकतो. हिशेबतपासनीस कुमारप्पांनी अशा ताळेबंदावर सही केली नसती.

यातील विसंगती आणखी एका गोष्टीत दिसते. रक्तक्षयावर उपाय म्हणून सरकारी योजनांतील तांदळात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळण्याचा निर्णय १५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाला. रक्तक्षयाचा प्रश्न खरा आहे आणि त्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आधी घासून तांदळाचे सत्त्व काढावयाचे आणि मग कारखान्यात तयार केलेले दाणे त्यात मिसळून ते अंशतः परत करावयाचे, हा उफराटा मार्ग कुमारप्पांनी कितीतरी आधी ओळखला होता. ज्या डोंगरावर पालेभाज्या आणि कोसरी होती, तेथून लोह ट्रकने बाहेर जावे आणि लोहयुक्त तांदूळ पोत्यातून आत यावा, याला नियोजन म्हणणे कठीण आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. त्या निमित्ताने शहरातल्या दुकानांत भरडधान्याची आकर्षक पाकिटे आली; कोसरी पिकविणाऱ्या पाड्यावर त्या वर्षाने काय बदलले, हे विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

कुमारप्पा लोखंडाचे शत्रू नव्हते. कुऱ्हाड, फाळ, घाणीचे भाग यांसाठी लोखंड लागतेच, हे त्यांना मान्य होते. साठा कोणासाठी, किती वेगाने आणि कोणता प्रवाह आटवून उपसावयाचा, एवढाच त्यांचा सवाल राहिला असता. त्याचे उत्तर देणे आज अशक्य नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला वनसंपत्तीविषयी अधिकार दिले आहेत. प्रत्येक ग्रामसभेच्या दप्तरात आपल्या डोंगरातून वर्षभरात कोणते अन्न किती येते, याची नोंद झाली पाहिजे. खाणीच्या विस्ताराचा कोणताही निर्णय ती नोंद समोर ठेवूनच व्हावा. खनिजाच्या उत्पन्नातून जिल्ह्याकडे येणाऱ्या निधीचा वाटा आश्रमशाळांच्या ताटात कोसरी, रानभाज्या आणि मोहाचे पदार्थ परत आणण्यासाठी खर्च व्हावा. मातर तालुक्यात विद्यार्थ्यांना घेऊन कुमारप्पांनी जे केले, ते गडचिरोली-चंद्रपूरच्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एटापल्लीत करता येण्याजोगे आहे. मोह आणि वास्ते ठाऊक असलेली वडीलधारी माणसे अद्याप पाड्यापाड्यांवर आहेत. त्यांच्याकडून ही नोंद करून घेण्यास आणखी एका पिढीचा विलंब परवडणारा नाही.